स्पार्क प्लग बदलताना नेमकं काय बघायचं?

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास ऑटो पार्टच्या दुकानात उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पल्सरचा प्लग द्या." दुकानदार विचारतो, "कुठली? दीडशे, दोनशेवीस, की एनएस? साल कुठलं?" गिऱ्हाईक गोंधळतं. पल्सरमध्ये 2003 साली एका सिलिंडरला दोन प्लग आले, पुढे 200 एनएसमध्ये तीन आले. कार्बोरेटरवाली वेगळी, एफआय (फ्युएल इंजेक्शन) वेगळी. गाडीच्या एका नावाखाली इतके प्रकार असतील तर नुसतं नाव सांगून योग्य प्लग हातात पडेल, हा भरवसा कशाच्या जिवावर ठेवायचा?

प्लग घ्यायचा तो नंबरावरून. हा नंबर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात असतो. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मिळतो. आत्ता गाडीत बसलेल्या प्लगवरही नंबर असतो, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने किंवा एखाद्या मिस्त्रीने हाताला लागला तो प्लग बसवलेला असू शकतो. आणि इंजिनात दोन-तीन प्लग असतील तर सगळे एकाच नंबरचे असतील असं धरून चालू नका, पुस्तकात प्रत्येकाचं बघा.

आता हा नंबर इतका महत्त्वाचा का, ते समजून घेऊ. त्यासाठी प्लग आत काय करतो हे माहीत हवं.

बॅटरी 12 व्होल्टची. कॉइल त्या 12 व्होल्टचे दहा-वीस हजार, वेळेला त्याहूनही जास्त व्होल्ट करते आणि प्लगच्या मधल्या टोकाला देते. मधलं टोक आणि बाजूने वाकून आलेला पाय यांच्यात एखाद्या मिलिमीटरची फट असते. त्या फटीतून वीज उडी मारते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं. इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल तर फोर स्ट्रोकमध्ये हे सेकंदाला 50 वेळा घडतं.

इतपत बहुतेकांना ठाऊक असतं. प्लगचं दुसरं काम मात्र फारसं कोणी सांगत नाही. ते म्हणजे उष्णता बाहेर काढणं. प्लगचं टोक थेट जाळात असतं. तिथली उष्णता पांढऱ्या चिनी मातीतून लोखंडी अंगात, तिथून आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात जाते. टोकाचं तापमान साधारण 500 ते 850 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याच्या खाली राहिलं तर टोकावर बसलेली काजळी जळून जात नाही. ती साठत जाते आणि वीज फटीतून उडी मारण्याऐवजी काजळीवरूनच निसटते. मिस्त्री म्हणतात "प्लग शॉर्ट झाला", तो हाच प्रकार. उलट टोक 850 च्या फार वर गेलं तर ते लाल होतं आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट होतोय, अशी स्थिती. हे चालूच राहिलं तर पिस्टनला भोक पडतं.

कोणता प्लग किती वेगाने उष्णता बाहेर टाकतो, यावरून त्याचा गरम-थंड दर्जा ठरतो. टोकाजवळची चिनी माती लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता, म्हणून टोक गरम राहतं. हा गरम प्लग. माती आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. हा थंड प्लग. जोरकस, जास्त फेऱ्यांच्या इंजिनाला सहसा थंड लागतो, साध्या शांत इंजिनाला गरम. पण किती गरम, किती थंड, हे इंजिन बनवणाऱ्याने मोजून ठरवलेलं असतं आणि प्लगच्या नंबरात तो आकडा घातलेला असतो.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. बरोब्बर उलटं. आपल्याकडचे जुने मिस्त्री अजून "मायकोचा प्लग" म्हणतात. मायको ही 1951 साली सुरू झालेली बॉशचीच भारतातली कंपनी, जिचं नाव 2008 मध्ये बॉश लिमिटेड झालं. म्हणजे दोन्ही घराण्यांचे प्लग आपल्या दुकानांत शेजारीशेजारी टांगलेले असतात. एनजीकेचा 8 काढला आणि बॉशचा 8 द्या म्हणून सांगितलं, तर जिथे थंड प्लग हवा तिथे बराच गरम प्लग बसेल. कंपनी बदलायची असेल तर दुकानदाराकडे तुलनेचा तक्ता असतो, तो मागा. आकड्याला आकडा जुळवू नका.

साताऱ्यात या विषयावर एक वाद नेहमी चालतो. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायचा, डबल सीट, दुसऱ्या गिअरवर इंजिन तापलेलं; मग एक पायरी थंड प्लग बसवावा का? आणि जिची स्कूटर राजवाडा ते पोवई नाका एवढीच फिरते, तिने एक पायरी गरम घ्यावा का? माझं स्पष्ट मत आहे की दोघांनीही पुस्तकातलाच नंबर ठेवावा. घाट चढणं हे इंजिन बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं काम आहे. अर्ध्या तासाच्या चढासाठी थंड प्लग बसवलात तर उरलेले सगळे दिवस गावातल्या फिरण्यात तो काळा पडणार. गावात फिरणाऱ्या स्कूटरला गरम प्लग बसवला आणि एखाद्या रविवारी ती घाट चढवून कासला नेली, तर धोका त्याहून मोठा. काळा पडलेला प्लग बदलता येतो. भोक पडलेला पिस्टन म्हणजे इंजिनकाम. गावात फिरणाऱ्या स्कूटरवर उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा हायवेवर चांगली तापेपर्यंत चालवा, काजळी आपोआप जळते.

महाबळेश्वरची गोष्ट थोडी निराळी. तिथली उंची साधारण 1,370 मीटर. हवा विरळ, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीत हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं आणि प्लग काळवंडतो. पण ते मिश्रणाचं दुखणं आहे, त्याचा इलाज प्लगमध्ये शोधू नये. एफआय गाडी हवा मोजून पेट्रोल देते, तिला हा त्रास जवळजवळ नाही.

नंबर कसा वाचायचा, हे एका उदाहरणावरून बघू. एनजीकेचा सीपीआर 8 ईए-9 घ्या. प्लगवर ही अक्षरं इंग्रजीत छापलेली असतात. पहिलं सी म्हणजे आट्यांची जाडी 10 मिलिमीटर, पाना 16 चा. इथे डी असेल तर 12 मिलिमीटर आणि 18 चा पाना, बी असेल तर 14 मिलिमीटर आणि जवळपास 21 चा पाना. पी म्हणजे टोक पुढे आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर. 8 हा गरम-थंड दर्जा. ई म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर. इथे एच असता तर 12.7. ए हे त्या प्लगच्या रचनेतल्या खास फरकाचं अक्षर. शेवटचा 9 म्हणजे फट 0.9 मिलिमीटर, 11 असेल तर 1.1.

जाडी चुकली तर प्लग बसणारच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. लांबीची चूक कळत नाही, म्हणून ती वाईट. लांब प्लग आखूड जागी बसतो, पण आत डोकावतो आणि पिस्टन किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. आखूड प्लग लांब जागी बसला तर हेडमधले आतले आटे उघडे राहतात, त्यांत कार्बन भरतो, आणि पुढे बरोबर लांबीचा प्लग लावायला गेलात की तो अडकतो. नवा प्लग घेताना जुना खिशात घालून नेला आणि काउंटरवर दोन्ही शेजारी उभे करून आटे जुळवले, तर ही चूक तिथेच पकडता येते. जुना मुळात बरोबर नंबरचा होता, एवढी खात्री मात्र आधी करा.

त्यातला आर गाळू नका. तो रेझिस्टर साधारण 5 हजार ओहमचा असतो आणि ठिणगीमुळे होणारा रेडिओसारखा गोंगाट दाबतो. जुन्या गाडीत फार तर रेडिओ खरखरला असता. आजच्या एफआय गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि सेन्सर बसलेले आहेत, त्यांच्या सिग्नलमध्ये तो गोंगाट घुसला तर गाडी विनाकारण अडखळते आणि कारण सापडता सापडत नाही.

मग येतो सगळ्यांच्या आवडीचा प्रश्न: इरिडियम, म्हणजे त्या धातूच्या टोकाचा प्लग, घ्यावा का?

साधा प्लग ज्याला लोक कॉपर प्लग म्हणतात, त्याच्या गाभ्यात तांबं असतं, पण ठिणगी ज्या टोकावर पडते ते निकेलच्या मिश्रधातूचं असतं. निकेल वितळतं 1,455 अंशांना, प्लॅटिनम 1,768 ला, इरिडियम 2,446 ला. प्रत्येक ठिणगीगणिक टोकाचा कण उडत असतो, म्हणून निकेलचं टोक जाड ठेवावं लागतं. इरिडियम इतकं चिवट की त्याचं टोक 0.4 ते 0.6 मिलिमीटरपर्यंत बारीक करता येतं. आणि विजेचा स्वभाव असा की ती अणकुचीदार टोकावरून लवकर उडी मारते. टोक बारीक, म्हणून ठिणगीला लागणारे व्होल्ट कमी, म्हणून थंडीतल्या सकाळी किंवा बॅटरी थोडी उतरलेली असतानाही गाडी पटकन लागते. आयुष्यही मोठं. मोटारसायकलमध्ये साधा प्लग दहा-बारा हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगतात. कारमधला इरिडियम कित्येक मॉडेलमध्ये लाखभर किलोमीटरपर्यंत चालतो.

पण पिकअप वाढेल, अॅव्हरेज पाच-दहाने वाढेल, असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. ठीकठाक चाललेल्या इंजिनात साधा प्लग काढून इरिडियम लावला तर ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. फरक जाणवला असेल तर बहुधा काढलेला प्लग झिजून गेलेला होता, आणि नवा साधा प्लगही तोच फरक देऊन गेला असता. माझा हिशोब असा: कंपनीने इरिडियम दिलेला असेल तर इरिडियमच लावा, पैसे वाचवायला साध्यावर उतरू नका. कंपनीने साधा दिला असेल आणि प्लग सहज हाताला येत असेल, तर त्याच नंबरचा साधा वेळच्या वेळी बदलत राहा. ज्या गाडीत प्लगपर्यंत पोचायला टाकी किंवा अर्धी बॉडी उतरवावी लागते, तिथे इरिडियम घेण्यात शहाणपण आहे, कारण मजुरी वाचते.

इरिडियमला पॉलिश पेपर लावायचा नाही, तारेचा ब्रश तर मुळीच नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण प्लग घासायची सवय आपल्या हातात फार जुनी आहे. महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची, घरोघरी प्रिया आणि बजाज होत्या. ती टू स्ट्रोक इंजिनं. पेट्रोलात ऑइल मिसळलेलं, ते जळून प्लगवर बसायचं. म्हणून डिकीत प्लग पाना आणि पॉलिश पेपर असायचाच, आणि रस्त्याकडेला प्लग काढून घासणं हे किक मारण्याइतकं नेहमीचं काम होतं. त्या इंजिनाला ते योग्यच होतं. आज फोर स्ट्रोक इंजिनात ऑइल जाळात येतच नाही, आलं तर ते दुखणं आहे. आणि बारीक इरिडियम टोक घासलं की ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले तेच निघून जातं.

फटीबद्दल. नवा प्लग खोक्यातून नंबराप्रमाणे फट लावूनच येतो, पण वाटेत कुठे आपटला असेल तर पाय वाकलेला असू शकतो. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. साध्या प्लगमध्ये बाजूचा पाय हलकेच वाकवून फट सुधारता येते, मधल्या टोकावर जोर द्यायचा नाही. वापरात फट वाढत जाते, आणि फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. तो ताण कॉइल आणि प्लगवर बसणाऱ्या कॅपवर येतो. स्वस्तातला प्लग वेळेवर न बदलल्याने महागाची कॉइल जाते, ती अशी. शिवाय मिसफायर होऊन, म्हणजे ठिणगी हुकून, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो खराब होतो. त्याची किंमत ऐकली तर प्लगची घासाघीस करावीशी वाटणार नाही.

सीएनजीवर चालणाऱ्या वडापच्या (खाजगी प्रवासी वाहतुकीच्या) गाड्यांना हे जास्त लागू. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, त्यामुळे प्लग लवकर झिजतो. सीएनजी मॉडेलच्या पुस्तकात प्लग आणि बदलायचा काळ वेगळा दिला असेल तर तोच पाळा. पेट्रोलात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणून प्लगचा दर्जा बदला असंही कोणी सुचवतं. कंपनीने नंबर बदललेला नसेल तर तुम्हीही बदलू नका. डिझेलवाल्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल. ट्रॅक्टरला, डंपरला स्पार्क प्लग नसतोच. ज्याला हीटर प्लग म्हणतात तो फक्त सुरू करताना गरम करतो, त्याचं शास्त्र वेगळं.

नवा घेण्याआधी जुना प्लग नीट बघा. तो इंजिनाच्या आतून आलेला आहे आणि तिथलं सगळं अंगावर घेऊन आलेला आहे. टोकाची माती फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन सुखात आहे. कोरडी, हाताला लागणारी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा हवा कमी मिळतेय, किंवा गाडी तापण्याआधीच बंद होतेय. काळं आणि तेलकट, ओलसर असेल तर ऑइल वर येतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील बघायला हवेत. माती पांढरीफटक, फोड आल्यासारखी असेल तर टोक फार तापतंय: मिश्रणात पेट्रोल कमी, कुठून तरी हवा ओढली जातेय, प्लग चुकीचा, नाहीतर सैल बसलेला. बाहेरच्या मातीवर, लोखंडाला लागून तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. आतून गळती होतेय असं पुष्कळांना वाटतं. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतली धूळ आणि तेलाचे कण तिथे चिकटतात, एवढंच.

आमच्या शेजारच्या काकूंची स्कूटर मंडईपर्यंत जाऊन येते. ती वारंवार बंद पडायची आणि दर वेळी नवा प्लग टाकून मिळायचा. काही दिवस बरी, पुन्हा तेच. काढलेल्या प्लगची काजळी कोरडी होती, मखमलीसारखी. एअर फिल्टर उघडला तर तो धुळीने पार बुजलेला. फिल्टर बदलला आणि प्लग काळा पडायचा थांबला. काकूंना दर वेळी दिलेला प्लग चांगलाच होता, दुखणं दुसरीकडे होतं.

गॅरेजमधली एक नेहमीची परीक्षा फसवी आहे, तीही सांगायला हवी. प्लग काढून कॅपमध्ये घालतात, हेडला टेकवतात, सेल्फ मारतात, ठिणगी दिसली की "प्लग ओके" म्हणतात. बाहेरच्या मोकळ्या हवेत ठिणगी पडायला फार कमी व्होल्ट लागतात. आत मिश्रण दाबलेलं असतं आणि दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पाडणं कितीतरी अवघड. म्हणून बाहेर झकास ठिणगी देणारा प्लग आत चढावर मिस मारू शकतो. बाहेर ठिणगी नाही म्हणजे बिघाड आहे, हे खरं. बाहेर आहे म्हणजे सगळं ठीक, हे खरं नाही.

पावसाळ्यात कास-बामणोलीकडे गाडी मिस मारायला लागली तर आधी कॅप काढून बघा. कॅपचं रबर चिरलेलं असेल तर पाणी आत जातं आणि वीज बाहेरच्या बाहेर पळते. वॉशिंग सेंटरमधून गाडी आणल्यावर प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं, तेव्हाही हेच होतं. कोरडं फडकं किंवा हवेचा ब्लो, एवढ्यावर काम भागतं.

नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. छपाई पुसट, आटे खरखरीत, वॉशर सैल होऊन निघणारं, मधलं टोक आणि पाय एका रेषेत नसलेले, अशी चिन्हं दिसली तर परत करा. ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि बिल मागा. हातातून फरशीवर पडलेला प्लगही बसवू नका. मातीला गेलेला केसाएवढा तडा दिसत नाही, पण वीज त्यातून निसटते.

बसवताना इंजिन गार हवं. हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना पाना लावला की आटे निघून यायची भीती. प्लग सोडवण्याआधी खड्ड्यातली माती-खडे ब्लोने उडवा, नाहीतर ते सरळ सिलिंडरमध्ये पडतात. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवायचा. खोल जागी बोटं पोचत नसतील तर प्लगच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावा आणि नळी फिरवा. आटे तिरके धरले की नळी आपोआप घसरते. पाना मात्र घसरत नाही, त्याने प्लग बरणीच्या वाकड्या बसलेल्या झाकणासारखा आटे कापत आत जातो. प्लग पूर्ण टेकेपर्यंत हाताने गेला, की मग पाना घालून साधारण अर्धा फेरा, म्हणजे नवं वॉशर दबून बसतं. वॉशर आधीच दबलेलं असेल तर अगदी थोडकंच. टॉर्क पाना असेल तर 10 मिलिमीटरच्या प्लगला 10 ते 12 न्यूटन मीटर, 14 च्या प्लगला 25 ते 30. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो. आणि सैल तर ठेवूच नका: उष्णता वॉशर आणि आट्यांतूनच बाहेर जाते, सैल प्लगला ती वाट मिळत नाही आणि योग्य नंबरचा प्लगही तापून पांढरा पडतो.

आटे गेलेच तर हेड बदलायला धावू नका. हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे तयार आटे) टाकून नवे आटे करता येतात, सातारा-सांगलीत हे काम जाणणारे कारागीर आहेत. फक्त ते करताना धातूचा कीस आत पडू देणार नाही असा माणूस बघा.

मोटारसायकलवर लांब जाणार असाल तर पुस्तकातल्या नंबराचा एक साधा प्लग आणि प्लग पाना सोबत ठेवा. प्लग त्याच्या खोक्यातच ठेवा, नुसता डिकीत टाकला तर खडबडीत रस्त्यावर आपटून त्याचा पाय वाकतो आणि फट बंद होते. तुमच्या गाडीत इरिडियम असला, तरी त्याच मापाचा, दर्जाचा आणि फटीचा साधा प्लग तुम्हाला घरापर्यंत आणून सोडतो.